ओक्लाहोमा सिटी थंडरची पुनर्बांधणी: ड्राफ्टचे हक्क आणि चुकण्याची मुभा

प्रश्न असा आहे की, २०१९ च्या जुलै महिन्यात पॉल जॉर्ज आणि रसेल वेस्टब्रुक हे आपले दोन्ही मोठे खेळाडू दुसऱ्या संघांना देऊन टाकणारा ओक्लाहोमा सिटी थंडर हा संघ २०२५ मध्ये एनबीए या अमेरिकेतील व्यावसायिक बास्केटबॉल लीगचा विजेता कसा झाला. ड्राफ्टचे भरपूर हक्क साठवले की संघ उभा राहतो का. आणि दुसऱ्या एखाद्या संघानेही दोन-तीन हंगाम जाणूनबुजून हरून हाच मार्ग धरावा का. बास्केटबॉलचे प्रशिक्षण आणि खेळाडूंची पारख हेच काम मी अनेक वर्षे करीत आलो आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे आहे की, हक्कांच्या साठ्याने संघाला मिळते ती मुख्यतः चुकण्याची मुभा. थंडरचे व्यवस्थापक सॅम प्रेस्टी यांच्या कितीतरी निवडी फसल्या. तरीही संघ बुडाला नाही, कारण एका चुकीवर सगळे अवलंबून राहील अशी वेळ त्यांनी स्वतःवर येऊच दिली नाही.

आधी व्यवहाराचे नियम स्पष्ट केले पाहिजेत, कारण आपल्याकडे आयपीएलच्या लिलावाची सवय असल्याने ड्राफ्टची कल्पना चटकन ध्यानात येत नाही. एनबीएमध्ये नव्या खेळाडूंवर बोली लागत नाही. दरवर्षी जूनच्या सुमारास तीस संघ दोन फेऱ्यांमध्ये नवे खेळाडू निवडतात आणि आदल्या हंगामात जे कमकुवत ठरले त्यांना आधी निवडीची संधी मिळते. पहिले काही क्रमांक लॉटरीने ठरतात. निवडीचा हा हक्क पुढच्या तारखेच्या धनादेशासारखा असतो: तो सात वर्षे पुढचादेखील दुसऱ्या संघाला देता येतो, पण वटेल तेव्हा त्याची रक्कम किती भरेल हे देणाऱ्यालाही ठाऊक नसते. हक्क देणारा संघ त्याला अट घालू शकतो, म्हणजे क्रमांक पहिल्या चारात आला तर हक्क माझ्याकडेच राहील, असे ठरवून घेऊ शकतो. याशिवाय स्वॅप असतो, म्हणजे त्या वर्षी दोघांपैकी ज्याचा क्रमांक वरचा असेल तो आपल्याकडे घेण्याचा अधिकार. पहिल्या फेरीत निवडलेल्या खेळाडूचा पगार त्याच्या क्रमांकानुसार ठरलेला असतो आणि पहिली चार वर्षे तो बराच कमी राहतो; पगारावर कमाल मर्यादा असलेल्या लीगमध्ये या चार वर्षांचे मोल फार मोठे असते.

आता पॉल जॉर्जचा व्यवहार पाहू. त्या उन्हाळ्यात कवाय लेनर्ड हा मुक्त खेळाडू लॉस एंजेलिस क्लिपर्सकडे यायला तयार होता, पण सोबतीला जॉर्ज हवा, असा त्याचा आग्रह होता, आणि जॉर्जनेही थंडरकडे बदली मागितली होती. वरवर पाहता प्रेस्टी अडचणीत होते. प्रत्यक्षात अडचण क्लिपर्सची होती, कारण ते एक खेळाडू विकत घेत नव्हते. जॉर्ज मिळाला तरच लेनर्ड मिळणार होता, आणि नाही मिळाला तर दोघेही जाणार होते. प्रेस्टींनी दोघांची किंमत एकाच्या नावावर वसूल केली. त्यांना शे गिल्जस-अलेक्झांडर, डॅनिलो गॅलिनारी, पहिल्या फेरीचे पाच हक्क आणि दोन स्वॅप मिळाले. त्यातले क्लिपर्सचे स्वतःचे हक्क २०२२, २०२४ आणि २०२६ चे होते आणि स्वॅप २०२३ आणि २०२५ चे. हे एकाआड एक असण्याचे कारण असे की, लागोपाठच्या दोन भावी वर्षांचे पहिल्या फेरीचे हक्क देऊन संघ रिकामा करण्यास लीगची मनाई आहे. १९८० च्या दशकाच्या आरंभी क्लीव्हलंडचे मालक टेड स्टेपियन यांनी असे हक्क उधळले होते, म्हणून तो नियम त्यांच्या नावाने ओळखला जातो. म्हणून क्लिपर्सनी एकाआड एक वर्षांचे हक्क दिले आणि मधली जी वर्षे देता येत नव्हती त्यांवर स्वॅप लावून दिले. उरलेले दोन हक्क मायामीचे होते, तेही क्लिपर्सच्याच पेटीतले.

या यादीत सर्वांची नजर पाच हक्कांवर गेली. माझ्या मते खरी पारख पहिल्या नावात होती. गिल्जस-अलेक्झांडर त्या वेळी एकवीस वर्षांचा होण्यास काही दिवस बाकी होते, पहिल्या हंगामात त्याची सरासरी १०.८ गुणांची होती, आणि २०१८ च्या ड्राफ्टमध्ये त्याच्याआधी दहा खेळाडू निवडले गेले होते. हाच खेळाडू २०२४-२५ मध्ये ३२.७ गुणांच्या सरासरीने लीगमध्ये पहिला आला आणि हंगामातील तसेच अंतिम मालिकेतीलही सर्वोत्तम खेळाडू ठरला. व्यवहाराच्या दिवशी हे कोणी ठामपणे सांगू शकले नसते. पण त्याच्या खेळातली एक गोष्ट तेव्हाही दिसत होती आणि प्रशिक्षक म्हणून मला तीच मोलाची वाटते: तो वेगापेक्षा वेग बदलण्यावर खेळत असे. थांबून, पुन्हा निघून, प्रतिस्पर्ध्याचा तोल गेल्यावर आत शिरण्याची कला वयाबरोबर झिजत नाही, उलट पक्की होत जाते. दुसऱ्याच्या संघातला असा तरुण हुडकणे हे ड्राफ्टमध्ये खेळाडू निवडण्याइतकेच कठीण आहे, आणि व्यवहारात हक्कांवर भांडताना लोक नेमके हेच विसरतात.

वेस्टब्रुकचा व्यवहार वेगळ्या जातीचा होता. त्याच्या कराराची चार वर्षे आणि सुमारे १७ कोटी डॉलर देणे बाकी होते. ह्यूस्टनने त्याच्या बदल्यात चौतीस वर्षांचा क्रिस पॉल, पहिल्या फेरीचे दोन हक्क आणि दोन स्वॅप दिले. पॉलचाही करार अवजड होता आणि तो आता कोणाच्याच कामाचा नाही, असे तेव्हा बोलले जाई. थंडरने त्याला घाईने दूर न करता त्याच्या हाती संघ दिला; २०१९-२० मध्ये संघाने ४४ सामने जिंकले, प्लेऑफमध्ये ह्यूस्टनला सातव्या सामन्यापर्यंत झुंजवले, आणि पॉलची पत परत आली. मग नोव्हेंबर २०२० मध्ये फिनिक्सने त्याच्यासाठी पहिल्या फेरीचा आणखी एक हक्क मोजला. त्या एका वर्षात तरुण गिल्जस-अलेक्झांडरने पॉलच्या शेजारी उभे राहून जे शिकून घेतले असेल त्याचा हिशेब कुठल्याही व्यवहाराच्या कागदावर नसतो.

दुसऱ्या संघाला नकोसा झालेला पगार उचलायचा आणि त्या उपकाराचे मोल हक्कांच्या रूपाने घ्यायचे, हा प्रेस्टी यांचा जुना रिवाज आहे. हा संघ सिअॅटलमध्ये होता तेव्हा, २००७ मध्ये, फिनिक्सला कर्ट थॉमसचा पगार झेपत नव्हता. प्रेस्टींनी तो घेतला आणि सोबत पहिल्या फेरीचे दोन हक्क मिळवले. त्यातल्या एका हक्कातून २००८ मध्ये चोविसाव्या क्रमांकावर सर्ज इबाका आला. २०१६ मध्ये इबाका ऑर्लंडोला देऊन व्हिक्टर ओलाडिपो आणि डोमॉन्टस साबोनिस घेतले, २०१७ मध्ये ते दोघे इंडियानाला देऊन पॉल जॉर्ज घेतला, आणि २०१९ मध्ये जॉर्ज देऊन गिल्जस-अलेक्झांडर आणि पुढे जेलन विल्यम्स ज्यातून आला तो २०२२ चा हक्क. म्हणजे २०२५ च्या विजेतेपदाचे एक मूळ अठरा वर्षांमागे एका नकोशा पगारात सापडते. अंतिम मालिका ज्या इंडियानाविरुद्ध झाली तो संघही याच साखळीतून गेलेला आहे, कारण त्याने नंतर साबोनिस देऊनच टायरिस हॅलिबर्टन मिळवला. ही साखळी प्रत्येक टप्प्यावर खेळाडूची मागणी असतानाच पुढे सरकत गेली. याच्या उलट उदाहरण थंडरचेच आहे: केव्हिन ड्युरँट २०१६ मध्ये करार संपल्यावर गोल्डन स्टेटला निघून गेला आणि थंडरच्या हाती काहीही लागले नाही. २०२४ मध्ये पॉल जॉर्जही क्लिपर्सना असाच सोडून फिलाडेल्फियाला गेला, तोही त्यांच्या भावी हक्कांची फेड चालू असताना.

आता चुकांकडे वळतो, कारण माझ्या उत्तराचा गाभा तिथे आहे. डिसेंबर २०२० मध्ये थंडरने फिलाडेल्फियाकडून अल हॉरफर्डचा मोठा करार उचलला आणि त्याबरोबर २०२५ चा पहिल्या फेरीचा अटीचा हक्क घेतला. काही महिन्यांनी हॉरफर्ड बॉस्टनला देऊन केम्बा वॉकरचा करार आणि २०२१ चा सोळावा क्रमांक घेतला. त्या सोळाव्या क्रमांकावरचा अल्पेरेन शेंगुन ह्यूस्टनला देऊन दोन भावी हक्क घेतले. ते दोन आणि आणखी एक असे तीन हक्क २०२२ मध्ये न्यूयॉर्कला देऊन अकराव्या क्रमांकाचा उस्मान जेंग घेतला. शेंगुन २०२५ मध्ये ऑल-स्टार झाला, म्हणजे लीगच्या निवडक खेळाडूंत गणला गेला. जेंग विजेत्या संघात बाकाच्या टोकाला बसलेला होता. इतकेच नव्हे, तर फिलाडेल्फियाचा २०२५ चा हक्क पहिल्या सहा क्रमांकांसाठी राखलेला होता आणि लॉटरीत फिलाडेल्फियाला तिसरा क्रमांक लागल्याने त्या वर्षी तोही हाती आला नाही. २०२० मध्ये सतराव्या क्रमांकाने घेतलेल्या अलेक्सेय पोकुशेव्स्कीला २०२४ मध्ये सोडून द्यावे लागले. एखाद्या संघाजवळ पाच वर्षांत दोनच हक्क असते आणि त्यांचे असे झाले असते, तर व्यवस्थापकाला नोकरी गमवावी लागली असती. थंडरच्या बाबतीत मात्र जेंगच्या लगेच नंतर, त्याच रात्री, बारावा क्रमांक त्यांचाच होता, आणि तो क्लिपर्सकडून आलेला होता.

त्या बाराव्या क्रमांकावर जेलन विल्यम्स निवडला गेला. सँटा क्लारासारख्या लहान विद्यापीठात तो तीन वर्षे खेळला होता, आणि ड्राफ्टच्या दृष्टीने एकवीस हे वय जास्तच मानले जाते. मी स्वतः तरुण वयात एका कनिष्ठ गटाच्या निवडीत फार मोठी चूक केली होती: उंच, उडी मारणारा मुलगा घेतला, आणि सहकाऱ्याला चेंडू केव्हा हवा आहे हे आधी ओळखणारा मध्यम उंचीचा मुलगा वगळला. पहिला दोन वर्षांत थांबला, दुसरा पुढे कितीतरी वर्षे खेळत राहिला. त्या निवडीची बोच मला आजही आहे, आणि म्हणून विल्यम्ससारखी निवड पाहिली की मी तिच्याकडे फार बारकाईने बघतो. त्याच्याकडे लांब हात होते, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे विद्यापीठात चेंडू हाताळून संघ चालवण्याची जबाबदारी त्याने पेललेली होती. निर्णय घेण्याची सवय असलेला खेळाडू दुसऱ्याच्या हाती चेंडू गेल्यावरही निरुपयोगी होत नाही. २०२५ च्या अंतिम मालिकेतील पाचव्या सामन्यात त्याने ४० गुण केले.

चेट होल्मग्रेनची गोष्ट यापेक्षा सरळ आहे आणि तिच्यात नशिबाचा वाटा मोठा आहे. २०२१-२२ मध्ये थंडरने २४ सामने जिंकले आणि ५८ गमावले, तळापासून चौथा क्रमांक आला, आणि लॉटरीने त्यांना दुसऱ्या स्थानावर उचलले; तिथे होल्मग्रेन मिळाला. आदल्या वर्षी हेच नशीब उलटे फिरले होते: २२ विजय आणि ५० पराभव अशी कामगिरी थंडर आणि क्लीव्हलंड या दोघांचीही होती, त्यातून क्लीव्हलंडला तिसरा क्रमांक आणि एव्हन मोबली मिळाला, थंडरला सहावा क्रमांक आणि जॉश गिडी. शिवाय त्याच रात्री ह्यूस्टनचा हक्क पहिल्या चारांबाहेर गेला असता तर तो थंडरकडे आला असता. शक्यता जवळजवळ निम्मी होती, पण ह्यूस्टनला दुसरा क्रमांक लागला. २०१९ पासून सर्वांत तळाच्या तीन संघांना पहिल्या क्रमांकाची शक्यता प्रत्येकी १४ टक्केच असते. म्हणून मुद्दाम हरण्याने फार तर चिठ्ठ्यांची संख्या वाढते, आणि त्यासाठी पैशाशिवाय दुसरीही किंमत मोजावी लागते.

ती किंमत थंडरनेही मोजली. २ डिसेंबर २०२१ रोजी मेम्फिसने त्यांना १५२-७९ असे हरवले. ७३ गुणांचा हा फरक एनबीएच्या इतिहासातील सर्वांत मोठा आहे. हॉरफर्ड तंदुरुस्त असताना त्याला २०२१ च्या मार्चनंतर खेळवलेच नाही, आणि प्रेक्षक तिकीट काढून येत असताना असे करणे मला योग्य वाटत नाही. मात्र एका बाबतीत या संघाने बेफिकिरी दाखवली नाही, आणि ती बाब म्हणजे सराव. २०२० मध्ये मुख्य प्रशिक्षक झालेले मार्क डेग्नॉल्ट त्याआधी पाच वर्षे संघाच्या विकास लीगमधील ओक्लाहोमा सिटी ब्लू संघाचे प्रशिक्षक होते, म्हणजे अर्धवट घडलेल्या खेळाडूंना शिकवण्यातच त्यांची कारकीर्द गेली होती. २०२२ मध्ये सॅन अँटोनिओहून नेमबाजीचे नामवंत शिक्षक चिप एंगलंड आणले गेले. लू डॉर्टला २०१९ च्या ड्राफ्टमध्ये कोणीच निवडले नव्हते, ॲरन विगिन्स पंचावन्नाव्या क्रमांकावर आला, आयझाया जोला फिलाडेल्फियाने करारातून मोकळे केले होते. हे तिघेही विजेत्या संघात खेळले आणि यांतल्या एकासाठीही पहिल्या फेरीचा हक्क खर्च झाला नाही. पराभवाच्या दोन हंगामांत तरुणांना खेळण्याची मिनिटे मिळाली आणि त्या मिनिटांमागे शिकवणारे हात होते. नुसत्या पराभवातून खेळाडू घडत नाही. फिलाडेल्फियाने २०१३ नंतर जो मार्ग धरला त्यात २०१५-१६ चा हंगाम १० विजय आणि ७२ पराभवांवर संपला, जोएल एम्बीडसारखा महान खेळाडू मिळाला, पण तो संघ प्लेऑफच्या दुसऱ्या फेरीपुढे गेला नाही. वरचे क्रमांक त्यांच्याकडे थंडरपेक्षा जास्त होते.

साठवणे थांबवून खर्च केव्हा करावा, हा पुनर्बांधणीतला सर्वांत अवघड निर्णय असतो. २०२३-२४ मध्ये थंडर ५७ विजयांसह पश्चिम विभागात पहिला आला. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यांनी शार्लटकडून गॉर्डन हेवर्ड घेतला, तो प्लेऑफमध्ये काहीच उपयोगी पडला नाही. पण त्यासाठी दिलेले खेळाडूही संघाच्या मुख्य आराखड्यातले नव्हते. खरा धडा डॅलसविरुद्धच्या मालिकेत मिळाला. डॅलसने गिडीला लांबून नेम साधण्यास मोकळे सोडले आणि त्याच्या बचावकर्त्याला आत गर्दी करण्यासाठी वापरले. त्याच मालिकेत थंडरचे फळीखालचे बळ कमी पडले, आणि तिथे भारी ठरलेल्यांपैकी एक होता डेरेक लाइव्हली, ज्याचा बारावा क्रमांक थंडरनेच आदल्या वर्षी केसन वॉलेसच्या बदल्यात डॅलसला दिला होता. प्रेस्टींनी मालिका संपताच दोन्ही उणिवा भरून काढल्या: एकवीस वर्षांचा गिडी शिकागोला देऊन तीस वर्षांचा बचावपटू ॲलेक्स करूसो घेतला, आणि तीन वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलर देऊन आयझाया हार्टेनस्टाइन आणला. करूसोसाठी त्यांनी एकही हक्क मागितला नाही, आणि पेटीत इतके हक्क असताना एकही दिला नाही, याची पुष्कळ चर्चा झाली. मला तो व्यवहार उत्तम वाटला, कारण वयाने मोठा, स्वतः थोडेच गुण मिळवणारा पण विजेत्या संघाला नेमका हवा असलेला खेळाडू घेण्यासाठी आपल्याच सहाव्या क्रमांकाच्या निवडीचा मोह सोडावा लागला. पुढच्या वर्षी डेन्व्हरविरुद्धच्या सातव्या सामन्यात स्वतःपेक्षा कितीतरी उंच आणि वजनदार निकोला योकिचला अडवण्याचे काम करूसोने केले. त्या हंगामात संघाने ६८ सामने जिंकले, आणि २२ जून २०२५ रोजी इंडियानाविरुद्धचा सातवा सामना जिंकला. १९७७ च्या पोर्टलँडनंतर इतका तरुण संघ विजेता झाला नव्हता.

दुसऱ्या संघाला हा मार्ग जमेल का, याचे उत्तर देताना मी आधी त्याच्या हातात विकण्याजोगे काय आहे ते विचारीन. थंडरजवळ आरंभीच दोन मोठे खेळाडू होते आणि समोर उतावीळ झालेले दोन खरेदीदार होते. बॉस्टनलाही २०१३ मध्ये असाच खरेदीदार भेटला होता. केव्हिन गार्नेट आणि पॉल पियर्स या उतरत्या वयाच्या खेळाडूंसाठी ब्रुकलिनने जे हक्क दिले त्यांतून पुढे जेलन ब्राऊन आणि जेसन टेटम आले. ज्याच्याजवळ असा माल नाही त्याने नुसते हरत राहिल्यास त्याला फक्त स्वतःचाच हक्क मिळतो, वर्षाला एक, आणि मग चुकण्याची मुभा राहत नाही. अशा संघाला मी दुसऱ्यांचे नकोसे पगार उचलण्याचा आणि शिक्षकवर्गावर आधी खर्च करण्याचा सल्ला देईन, कारण हे दोन्ही लॉटरीवर अवलंबून नाही.

आणि थंडरचे स्वतःचे काम अजून संपलेले नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात तिन्ही मुख्य खेळाडूंचे करार वाढवले गेले. एकट्या गिल्जस-अलेक्झांडरची वाढ चार वर्षांसाठी २८.५ कोटी डॉलरची आहे, आणि विल्यम्स व होल्मग्रेन यांचे मोठे पगार २०२६-२७ पासून सुरू होतात. २०२३ च्या श्रमकरारानुसार पगाराची दुसरी वरची रेषा ओलांडणाऱ्या संघाला अदलाबदलीत कित्येक बंधने पाळावी लागतात. एकाहून अधिक खेळाडूंचे पगार जोडून एक मोठा खेळाडूही घेता येत नाही. तेव्हा साठ्यातील उरलेल्या हक्कांचा उपयोग यापुढे कमी पगारावर खेळणारे चार-पाच तरुण सतत मिळवत राहण्यासाठी होईल. २०२४ मध्ये निकोला टोपिच आणि २०२५ मध्ये थॉमस सॉर्बर हे दोघेही दुखापत झालेली असताना निवडले गेले ते याच हिशेबाने: तत्काळ गरज नसलेल्या संघालाच एखाद्याचा गुडघा किंवा पाऊल बरे होईपर्यंत थांबता येते.